अमावस्येची वीस मिनिटं

“आज तर अमावशा नाय, मंग मशिन का झोपलंय?”

खिडकीखालून आलेलं हे वाक्य बबनचं होतं. बबन म्हणजे आमच्या शीतगृहातल्या हमालांचा मुकादम, जुन्नरकडच्या मढ गावचा. तो माझ्याशी बोलत नव्हता. टेम्पोच्या फळीला टेकून कुणाला तरी विचारत होता, आणि तो कुणीतरी हसला. खिडकीच्या आत मी हिरव्या अक्षरांच्या पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर चार मिनिटांपासून एकच चौकोन थिजून उभा होता.

जून लागला होता आणि पठारावर लावणीजोगा वाफसा आला होता. ज्याला त्याला आपलं बटाट्याचं बेणं आजच्या आज न्यायचं होतं. टेम्पो आणि ट्रॅक्टरांची रांग फाटकातून हायवेपर्यंत गेली होती. कुणाची पोती कोणत्या चेंबरमध्ये, कितव्या मजल्यावर, कोणत्या रांगेत आहेत हे मशिन सांगायचं. शेतकऱ्याचा नंबर टाकला की दोन सेकंदांत चिठ्ठी छापून बाहेर यायची. त्या दिवशी एका चिठ्ठीला पाच-पाच मिनिटं लागत होती.

बबन गमतीत बोलला होता. मला मात्र ते लागलं. मागच्या तीन अमावस्यांना त्या मशिनसमोर कोण बसलं होतं आणि काय करायचं राहिलं होतं, हे फक्त मला माहीत होतं.

मशिन संस्थेचं होतं, पण सगळे त्याला सरांचं मशिन म्हणायचे. सर मूळचे निरगुडसरचे. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी कॉम्प्युटरवर वीस वर्षं काढली. तो कारखाना बंद पडल्यावर ते गावाकडे परत आले आणि पेठच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या आमच्या शीतगृहात लागले. बेण्याचा सगळा प्रोग्रॅम त्यांनी एकट्यानं लिहिला होता. मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते आणि भर मे महिन्यात माकडटोपी घालून बसलेले होते. दिवसातून तीनदा ते चेंबरमध्ये जायचे, मशिननं सांगितलेलं एखादं पोतं खरंच त्या जागी आहे का ते हात लावून बघायचे आणि बाहेर आल्यावर टोपी काढायला विसरायचे. बटाटा खात नसत. कुणाच्या डब्यात बटाट्याची भाजी निघाली तर म्हणायचे, “तो आपलं गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईकाला खात नाहीत.” हा विनोद मी चार वर्षांत किती वेळा ऐकला असेल याला गणती नाही. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

मी जुन्नरची, पण शाळा पुण्यात, मावशीकडे राहून, इंग्रजी माध्यमात झाली. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी परतले तेव्हा मला मराठी वाचता यायचं, लिहिता यायचं. पण चारचौघांत बोलायची वेळ आली की मी मान खाली घालून कागद चाळायला लागायचे. “बाई पुस्तकातलं बोलत्यात,” असं एकदा एक आजी माझ्यासमोरच म्हणाल्या, त्यानंतर मी आणखीच कमी बोलायला लागले. रोज दोन एसट्या बदलून यायचं, अमोनियाच्या वासात आणि कॉम्प्रेसरच्या घरघरीत आठ तास काढायचे आणि दोन एसट्या बदलून परत जायचं. तेव्हाचं आठवलं की आधी थकवा आठवतो, मग माणसं.

सरांनी माझं न बोलणं पहिल्या आठवड्यातच हेरलं असावं. ते स्वतः भरपूर बोलत, पण सगळं ठरलेलं. प्रत्येक प्रसंगासाठी त्यांच्याकडे एक वाक्य तयार होतं आणि त्यात नावापुरती जागा रिकामी. “राम राम, गणपतराव. बसा. पाच मिनिटं.” “राम राम, शांताताई. बसा. पाच मिनिटं.” पेठचा माणूस आला की विहिरीच्या पाण्याची चौकशी, निरगुडसरचा आला की एकाच चुलत्याच्या गुडघ्याची. चुलते वारले तरी वर्षभर गुडघ्याची चौकशी चालू राहिली, असं बबन सांगायचा. त्यात थोडी भर असेल.

“माणूस दर वेळी नवं वाक्य करायला बसला,” सर म्हणायचे, “तर कामं कधी करणार?”

मशिन कसं चालतं हे त्यांनी मला याच पद्धतीनं शिकवलं. खरं तर मला वाटत होतं की ते मला माहीत आहे, डिप्लोम्याला एक पेपर होता. सरांनी पेन्सिल कानावरून काढली आणि पावतीच्या पाठीवर चौकोन काढला.

“हे इंजिन, प्रोग्रॅमच्या आतलं. याला आपण विचारतो, अमुक नंबरच्या शेतकऱ्याची पोती कुठं आहेत? इंजिन काय करतं? पहिलं, वाक्य वाचतं. रचना बरोबर आहे का बघतं. मग त्यात ज्या टेबलांची, म्हणजे याद्यांची, नावं आहेत ती आहेत का बघतं. मग?”

“मग उत्तर शोधतं,” मी म्हणाले.

“नाही. मग वाट ठरवतं. हे महत्त्वाचं. पोत्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचायची, की आधी नंबरांची सूची उघडून तिथून थेट पोत्यावर जायचं. दोन्हीकडून उत्तर तेच येतं. पण एक वाट दोन पावलांची आणि दुसरी घोडनदीपर्यंतची. ही वाट ठरवायलाच त्याला वेळ लागतो. म्हणून आपण ते काम आधी करून घेतो. वाक्य तयार ठेवायचं, नंबराची जागा रिकामी. इंजिन एकदाच वाचतं, एकदाच वाट ठरवतं, ती जपून ठेवतं. मग शेतकरी आला की फक्त नंबर भरायचा आणि चालवायचं. हजार शेतकरी, एक वाट.”

मी मान डोलावली. तेव्हा मला यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी विचारलं नसतं.

त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात पोस्टकार्डांचा गठ्ठा असे. तीही लिहून तयार. लग्नाची, बारशाची, नवीन बोअरला पाणी लागल्याची आणि दुःखाची. नाव आणि नातं यांच्या जागा कोऱ्या. बातमी कळली की सर त्या जागा भरत आणि कार्ड जेवणाच्या सुट्टीत पेटीत टाकून येत. माझी मावशी गेली तेव्हा मलाही एक आलं. “आपल्या मावशी यांच्या निधनाची वार्ता समजली.” मावशी हा शब्द निळ्या शाईत, बाकी सगळं काळ्या. मला राग आला. मग लक्षात आलं की सगळ्या नातेवाइकांच्या आधी, तिसऱ्या दिवशी, माझ्यापर्यंत पोचलेलं ते एकटंच पत्र होतं. ते अजून माझ्याकडे आहे.

एकदा या कार्डांनी त्यांना तोंडघशी पाडलं. शहाण्णव वर्षांच्या एका आजोबांच्या घरी कार्ड गेलं, त्यात छापल्यासारखं “अचानक” लिहिलेलं. आजोबांचा नातू शीतगृहात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, “भाऊ, आमी वीस वरीस वाट बघत व्हतो, आन् तुमी अचानक म्हंता?” लोक पोट धरून हसले. सर हसले नाहीत. त्यांनी खण उघडला, सगळी कार्डं बाहेर काढली आणि एकेक वाचायला घेतली.

“कोणाच्या वेळी लिहिलं होतं ते विसरून गेलो,” ते मला म्हणाले. “तरणा मुलगा गेला होता एकाचा. त्याच्यासाठी बरोबर होतं. मग तेच चालवत राहिलो.”

त्यानंतर ते दर अमावस्येला सगळी कार्डं वाचून तपासायला लागले. अमावस्या या एका गोष्टीबद्दल मला सरांची मनातून लाज वाटायची. त्या दिवशी हमाल पोत्याला हात लावत नसत. शीतगृह उघडं, पण फाटकात शुकशुकाट. सर सकाळी येत, मशिन ओल्या फडक्यानं पुसत. मशिनवर झेंडूचं एक फूल ठेवलेलं असे. मग सर तीन ओळींची एक आज्ञा टाइप करत आणि वीस मिनिटं हाताची घडी घालून बसत. पडद्यावर काही येत नसे. कागदावर काही छापलं जात नसे. वीस मिनिटांनी चौकोन परत उघडझाप करू लागला की सर कार्डांकडे वळत.

मी एकदाच विचारलं होतं, “सर, हे कशासाठी?”

“आपल्या घरात काय आहे ते आपल्याला माहीत पाहिजे,” ते म्हणाले. हेही तयार वाक्य, मला वाटलं. फूल, फडकं, अमावस्या, आणि ज्यातून काहीच बाहेर येत नाही अशी आज्ञा. पुण्याच्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं असतं तर त्या किती हसल्या असत्या, हे माझ्या डोळ्यांसमोर यायचं. मी सांगितलं नाही. पण मनात हसून घेतलं.

ते मात्र माझ्यावर कधी हसले नाहीत. एका दुपारी मॅनेजरनी माझ्यावर काहीतरी ढकललं, ते माझं काम नव्हतं, आणि मी गप्प राहून ते घेतलं. मॅनेजर गेल्यावर सर म्हणाले, “तुझं वाक्य तयार होतं. मला दिसत होतं.”

मी पावत्या लावायला घेतल्या.

“तू वाक्य छान तयार करतेस. मनात दहा वेळा तपासतेस. फक्त चालवत नाहीस. मग ते तसंच पडून राहतं आणि जागा खातं.” एवढं बोलून ते टोपी घालून चेंबरमध्ये निघून गेले.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा चिघळला आणि पंधरा दिवसांची रजा साडेतीन महिन्यांवर गेली. जाताना त्यांनी मला वही दिली. त्यात रोजचं, आठवड्याचं, सगळं नीट लिहिलेलं होतं. शेवटच्या पानावर: अमावस्या. खाली ती तीन ओळींची आज्ञा, आणि खाली दोन शब्द, “न चुकता.”

मार्चची अमावस्या आली. मी खोलीत एकटी होते. मशिनवर फूल होतं. वाटलं, सरांनी कुणाला तरी सांगून ठेवलं असेल. मी ते उचलून खिडकीबाहेर टाकलं. आज्ञा टाइप केली नाही. मला शिकलेल्या माणसासारखं वाटलं. एप्रिलला मी त्या दिवशी सुट्टीच घेतली. मे महिन्यात एका शेतकऱ्याला लवकर बेणं हवं होतं, तेव्हा चिठ्ठीला दीड मिनिट लागलं. मी घड्याळ बघितलं आणि उकाड्याला दोष दिला. चार दिवसांनी अमावस्या होती. तीही गेली.

आणि मग जूनचा तो दिवस. दुपारी बारापर्यंत लोकांचा धीर सुटला. “दोन मिन्टं म्हंता म्हंता दोन तास झालं की वो बाई!” मला खिडकी बंद करावीशी वाटत होती. शेवटी लोकांच्या रेट्यानं बबनच्या माणसांनी चिठ्ठीशिवाय चेंबर उघडले आणि अंदाजानं पोती ओढायला सुरुवात केली. याचं बेणं त्याच्या टेम्पोत गेलं. दोन चेंबरची दारं दिवसभर सताड उघडी राहिली, आतली थंडी गेली, खालच्या थरातल्या पोत्यांना घाम फुटला.

तीनच्या सुमारास सर आले. कुणीतरी मोटरसायकलवर बसवून आणलं होतं. डोळ्यांना काळा चष्मा, डोक्याला टोपी. त्यांनी मला उठवलं नाही, शेजारी स्टूल ओढून बसले आणि ती आज्ञा शेवटची कधी चालली हे मशिनला विचारायला लावलं, ते मी टाइप केलं. पडद्यावर एक तारीख आली. फेब्रुवारीतली. चष्मा कपाळावर सरकवून सरांनी ती जवळून वाचली.

“बबन,” ते खिडकीतून म्हणाले, “वीस मिन्टं कुणाला आत सोडू नको. वीस मिन्टं फकस्त.”

“आज अमावशा नाय, भाऊ.”

“आज समज हाय.”

मी तीन ओळी टाइप केल्या. बाहेर आरडाओरडा चालू होता आणि आम्ही दोघं हाताची घडी घालून बसलो. तेव्हा सरांनी मला बाकीचं सांगितलं, आवाज न चढवता, दमलेल्या माणसासारखं.

“फेब्रुवारीत टेबल रिकामं असतं. चाळीस-पन्नास पोती. तेव्हा इंजिन ठरवतं, सूची कशाला उघडायची, सगळं वाचून काढू. चाळीस पोत्यांसाठी तेच शहाणपणाचं. ती वाट ते जपून ठेवतं. मग आपण हजारो पोती आत भरतो, आणि इंजिनाला कोणी सांगत नाही. ते बिचारं अजून घर रिकामं समजून चाललेलं असतं. एकेका चिठ्ठीसाठी सगळं शीतगृह वाचतं. या तीन ओळींनी ते घर मोजून घेतं. मोजलं की जुनी वाट टाकून देतं आणि पुढच्या वेळी नवी ठरवतं.”

“पण अमावस्या?” माझ्या तोंडून गेलं.

“हमाल येत नाहीत. मशिन मोकळं असतं. आणि तारीख लक्षात ठेवावी लागत नाही, कॅलेंडरवर काळा गोळा असतो.” ते माझ्याकडे वळले. “घरात काय आहे ते माहीत पाहिजे म्हणालो होतो, वेगळं काय सांगणार होतो?”

“आणि फूल?”

“ते बबनचं. त्या दिवशी तेवढ्यासाठी येऊन तो एक वजनकाट्यावर ठेवतो, एक इथं ठेवतो. त्याला बरं वाटतं. मी काढत नाही.”

चौकोन उघडझाप करू लागला. मी पहिला नंबर टाकला. दोन सेकंदांत चिठ्ठी आली. बाहेर कुणीतरी शिट्टी मारली. “जागं झालं रं!” मी संध्याकाळी सातपर्यंत चिठ्ठ्या देत राहिले. सरांनी मला काही विचारलं नाही. तारीख त्यांनी वाचली होती, त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं, ते माझ्याकडे होतं. शेवटची एसटी गेली म्हणून त्या दिवशी मी बबनच्या टेम्पोतून घरी गेले आणि सगळ्या वाटेवर एक वाक्य तयार करत राहिले.

चौथ्या दिवशी संचालकांची बैठक होती. अध्यक्ष सगळ्यांचे अण्णा, शेतकरी माणूस, स्वतःचं बेणंही त्या घामेजलेल्या थरात होतं. मॅनेजरनी आधीच कागद तयार करून आणला होता. पुण्याहून नवा प्रोग्रॅम घ्यायचा, सरांचा काढून टाकायचा आणि त्यांना निवृत्तीपर्यंतचं उरलेलं वर्ष फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसवायचं. मला वह्या दाखवायला बोलावलं होतं. मी दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर वह्या घेऊन बसले. सर समोर उभे होते, काळा चष्मा, हातात टोपी.

“अण्णा, मी आधीपासून सांगतोय,” मॅनेजर म्हणाले. “अमावस्या बघून कॉम्प्युटर चालवतात आपल्याकडं. फुलं वाहतात. ही बघा वही, ह्यांच्याच अक्षरात. असल्या माणसाच्या हातात हजारो पोती द्यायची?”

वही हातोहात फिरली. दोघं-तिघं हसले. मी मनात जे हसले होते, तेच हसू आता मला बाहेरून ऐकू येत होतं.

“भाऊ,” अण्णा सरांना म्हणाले, “मला त्यातलं काय कळत नाय. पण इतकी वर्सं बिनतक्रार चाललेलं मशिन ह्याच वर्साला का बसलं? तेवढं सांगा.”

सरांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एकदा माझ्या दिशेनं मान वळवली. काळ्या चष्म्यातून ते माझ्याकडे बघत होते की भिंतीकडे, मला कळलं नाही.

“सेक्शनची चूक ती माझी चूक,” ते म्हणाले.

ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. प्रिंटर बिघडला तेव्हा, पावतीपुस्तक हरवलं तेव्हा. तयार वाक्य, तपासायचं राहिलेलं. या वेळेला ते बरोबर नव्हतं, आणि हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं.

“म्हंजे कबूल हाय,” अण्णा उसासा टाकून म्हणाले आणि त्यांनी सहीसाठी पेन काढलं. टोपण निघेना. त्यांनी ते दातात धरलं.

माझं वाक्य तयार होतं. चार दिवसांत मी ते तीन वेळा बदललं होतं. त्यात रजेचा उल्लेख होता, वहीतल्या अपुऱ्या सूचनांचा होता, आणि सुरुवातीला “मला असं वाटतं” होतं. मी उठून उभी राहिले. मांडीवरच्या वह्या खाली पडल्या आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तयार केलेल्यातलं एक अक्षरही मला आठवेना.

“अमावस्या मी चुकवल्या,” मी म्हणाले. “तिन्ही.”